त्रिकोणातली कोंडी आणि स्फटिकाची तडजोड

या वेळच्या टपालात पुण्यातून आलेली काही पत्रे एकाच विषयाच्या निरनिराळ्या टोकांना हात घालणारी आहेत : अणूंमधले चुंबक, त्यांची मांडणी आणि त्या मांडणीपायी स्फटिकाच्या आकारात होणारा बदल. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण बाकीची उत्तरे त्याच्यावर उभी आहेत.

प्रश्न (कोथरूडहून, बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी) : पदार्थ थंड करत गेले की त्यातील अणूंचे चुंबक शेवटी एका शिस्तीत उभे राहतात, असे आम्हाला शिकवले जाते. एका व्याख्यानात मात्र मी ऐकले की काही स्फटिकांत ही शिस्त कितीही थंडीत येत नाही, आणि काहींत ती आणण्यासाठी स्फटिक स्वतःचा आकार बदलतो. दोन्हींचे कारण एकच आहे. एकाच कारणाचे असे दोन उलटे परिणाम कसे होतात?

उत्तर : तुम्ही ऐकलेत ते बरोबर आहे. सुरुवात तीन अणूंपासून करू. क्रोमियम, मँगॅनीज, लोह, तांबे अशा मूलद्रव्यांच्या आयनांत जोडी न जमलेले इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांच्या स्पिनमुळे, म्हणजे अंगभूत फिरकीमुळे, असा प्रत्येक आयन चिमुकल्या चुंबकसुईसारखा वागतो. शेजारच्या सुयांचे आपसातले नाते पदार्थागणिक वेगळे असते. लोखंडात शेजारणींना एकाच दिशेला तोंड करून राहणे मानवते. अनेक ऑक्साइडांत मात्र त्यांना नेमके विरुद्ध दिशांना तोंड करायचे असते. या दुसऱ्या प्रकाराला प्रतिलोहचुंबकत्व म्हणतात. त्याची कल्पना मांडणारे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नील यांना १९७० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

बुद्धिबळाच्या पटावर हे विरुद्ध दिशांचे नाते सहज पाळता येते. पांढऱ्या घरांतल्या सगळ्या सुया वर, काळ्या घरांतल्या सगळ्या खाली, की कोणाचीच तक्रार उरत नाही. पण तीन सुया समभुज त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर बसवल्या, तर पहिली वर आणि दुसरी खाली ठेवल्यावर तिसरीने काय करायचे? तिने वर पाहिले तर पहिलीशी बिनसते, खाली पाहिले तर दुसरीशी. तीन सुयांच्या एकूण आठ मांडण्या होतात. त्यांपैकी तिन्ही वर किंवा तिन्ही खाली या दोन सोडल्या, तर उरलेल्या सहा मांडण्यांत दोन बंध समाधानी आणि एक असमाधानी राहतो, आणि या सहाही मांडण्यांची ऊर्जा अगदी सारखी असते. या स्थितीला इंग्रजीत ‘फ्रस्ट्रेशन’ म्हणतात, आपण कोंडी म्हणू. कोंडीचे खरे मर्म इथे आहे. एक बंध नाराज राहिला, एवढ्याने फार काही बिघडत नाही. सहांतून एकीची निवड करायला निसर्गाकडे कोणतेच कारण नाही, ही अडचण आहे. त्रिकोण एक असेल तर पर्याय सहा, पण असे अब्जावधी त्रिकोण एकमेकांना जोडले की समान ऊर्जेच्या मांडण्यांची संख्या कल्पनेपलीकडे जाते. ग्रेगरी वॅनियर यांनी १९५० साली गणिताने दाखवून दिले की केवळ वर-खाली पाहू शकणाऱ्या सुयांचे त्रिकोणी जाळे निरपेक्ष शून्य तापमानालाही शिस्तीत येत नाही आणि त्यात एंट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेचे माप, शिल्लक राहते.

प्रत्यक्षातल्या बहुतेक सुयांना कोणत्याही दिशेला वळता येते, त्यामुळे त्रिकोणातल्या तिघी एकमेकींशी १२० अंशांचा कोन करून थोडीबहुत सोय लावून घेतात. याचा अर्थ प्रत्येक त्रिकोण शिस्त मोडतोच असे नाही. कोंडी पक्की व्हायला आणखी एक गोष्ट लागते : शेजारच्या आकृत्यांनी एकमेकींशी कडा वाटून न घेता केवळ कोपरा वाटून घ्यायचा. कडा सामाईक असली तर एका त्रिकोणातली निवड शेजारच्यावर बंधन घालते आणि ती शिस्त दूरवर पसरते. कोपराच सामाईक असला तर बंधन इतके सैल असते की प्रत्येक आकृती जवळजवळ आपापली निवड करते. स्पिनेल कुळातल्या खनिजांत हेच घडते. तिथे चुंबकीय आयन चतुष्फलकांच्या, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतींच्या, कोपऱ्यांवर बसतात आणि हे चतुष्फलक केवळ कोपऱ्यांनी जोडलेले असतात. फिलिप अँडरसन यांनी या जाळ्याचे हे वैशिष्ट्य १९५६ सालीच ओळखले होते.

आता झिंक क्रोमाइट या स्पिनेलकडे पाहू. त्यातल्या क्रोमियमच्या सुया एकमेकींवर किती जोर लावतात, हे तापमानाच्या भाषेत सांगायचे तर तो आकडा सुमारे ३९० केल्व्हिन येतो. साध्या प्रतिलोहचुंबकात याच सुमाराच्या तापमानाला शिस्त यायला हवी होती, म्हणजे हा पदार्थ आपल्या खोलीत ठेवल्या ठेवल्याच शिस्तीत असायला हवा होता. प्रत्यक्षात ती शिस्त साडेबारा केल्व्हिनपर्यंत, म्हणजे उणे २६० अंश सेल्सियसपर्यंत, लांबते. या दोन आकड्यांचे गुणोत्तर तीसहून अधिक आहे. दहाच्या वर गुणोत्तर गेले की कोंडी तीव्र मानावी, असा या क्षेत्रातला संकेत आहे. आणि साडेबारा केल्व्हिनला केवळ सुया शिस्तीत येत नाहीत. त्याच क्षणी घनाकार स्फटिक एका अक्षाच्या दिशेने किंचित दबतो आणि चतुष्कोणीय होतो. चुंबकीय संक्रमण आणि रचनेचे संक्रमण हातात हात घालून, एका झटक्यात होतात.

हे का घडते ते समजून घ्यायला एवढेच ध्यानात ठेवायचे की दोन सुयांमधला जोर त्यांच्यातल्या अंतरावर अवलंबून असतो, आणि झिंक क्रोमाइटमध्ये शेजारच्या क्रोमियम आयनांचे इलेक्ट्रॉन-मेघ थेट एकमेकांत शिरत असल्याने ते अवलंबित्व फार तीव्र आहे. चतुष्फलकाला सहा कडा असतात. तो वरून दाबला की चार तिरप्या कडा आखूड होतात आणि वर-खाली असलेल्या दोन आडव्या कडा त्या मानाने लांब राहतात. आता सहा बंध सारखे उरले नाहीत. चार जोरकस बंधांचे समाधान करायचे आणि दोन दुबळे बंध नाराज ठेवायचे, अशी स्वच्छ निवड करता येते, कोंडी सुटते. हे सोपे करून काढलेले चित्र आहे आणि झिंक क्रोमाइटमधली खरी चुंबकीय मांडणी याहून बरीच गुंतागुंतीची आहे, पण गाभा हाच.

तुम्ही विचाराल की स्फटिक वाकवायला ऊर्जा लागते, ती कुठून येते? या प्रश्नाचे उत्तर मला या सगळ्या विषयातले सर्वांत सुंदर वाटते, म्हणून आकडे घालून सांगतो. स्फटिक ‘क्ष’ इतका वाकला, तर स्प्रिंगप्रमाणे त्याला ‘क्ष’च्या वर्गाइतकी किंमत मोजावी लागते. चुंबकीय लाभ मात्र थेट ‘क्ष’च्या प्रमाणात मिळतो, कारण कोंडीतल्या सुयांना आधीच अनेक मांडण्या सारख्या होत्या आणि जरासा फरक पडताच त्यांतली सोयीची एक उचलता येते. समजा लाभ ‘क्ष’ आहे आणि खर्च १०० गुणिले ‘क्ष’चा वर्ग आहे. ‘क्ष’ हा एक सहस्रांश असेल तर लाभ ०.००१ आणि खर्च ०.०००१, म्हणजे लाभ दसपट. ‘क्ष’ एक शतांश झाला की दोन्ही सारखे होतात. सर्वांत किफायतीची जागा त्यांच्या मधोमध, ०.००५ वर येते. खर्चाचा गुणक शंभराच्या जागी दहा हजार घेतला तरी निष्कर्ष बदलत नाही, केवळ विकृती लहान होते. सुरुवातीला लाभ नेहमीच खर्चाच्या पुढे धावतो, म्हणून पुरेशा थंडीत कोंडीतल्या अशा स्फटिकाने थोडे तरी वाकणे फायद्याचे ठरते.

याच धाटणीचा युक्तिवाद यान आणि टेलर यांनी १९३७ साली इलेक्ट्रॉनांच्या कक्षिकांबद्दल, म्हणजे अणूतल्या त्यांच्या ठरावीक जागांबद्दल, मांडला होता, म्हणून झिंक क्रोमाइटसारख्या घटनेला स्पिनचा यान-टेलर परिणाम म्हणतात. क्रोमियमच्या या आयनात तीन इलेक्ट्रॉन तीन कक्षिकांत एकेक बसलेले असतात, त्यामुळे कक्षिकांपुढे निवडीचा प्रश्नच नसतो आणि मूळचा यान-टेलर परिणाम तिथे लागू होत नाही. म्हणूनच स्फटिक वाकला तो सुयांमुळे, हे इतक्या ठामपणे म्हणता येते. झिंकच्या जागी कॅडमियम घातले तर स्फटिक दबण्याऐवजी त्याच अक्षावर ताणला जातो आणि संक्रमण ७.८ केल्व्हिनला होते. तडजोडीचे मार्ग एकाहून अधिक आहेत. आणि ज्या पदार्थात अंतर बदलून सुयांमधला जोर फारसा बदलत नाही, किंवा ज्यात क्वांटम हालचालीनेच कोंडीतून वेगळी वाट काढलेली असते, तिथे स्फटिक ताठ राहतो आणि शिस्त येत नाही. त्या दुसऱ्या परिणामाबद्दल पुढे बुरूड आळीच्या पत्रात येईलच.

प्रश्न (सदाशिव पेठेतून, निवृत्त शिक्षक) : या विषयावरच्या मराठी लेखांत ‘फ्रस्ट्रेशन’साठी ‘वैफल्य’ हा शब्द आढळतो. निर्जीव स्फटिकाला मनाची अवस्था चिकटवणे खटकते. दुसरा शब्द सुचवाल का?

उत्तर : मूळ शब्दही मनाच्या अवस्थेवरूनच उचललेला आहे. जेरार तुलूझ यांनी १९७७ साली स्पिन-काचेवरच्या, म्हणजे ज्यात सुया वेड्यावाकड्या दिशांना गोठतात अशा पदार्थांवरच्या, लेखनात तो रूढ केला. तरीही आपला आक्षेप रास्त आहे, कारण मराठीत ‘वैफल्य’ म्हणताच माणूस डोळ्यांपुढे येतो. मात्र त्यातला ‘विफल’ हा शब्द फार उपयोगी आहे : ज्या बंधाचे मागणे सफल झाले नाही, तो विफल बंध. त्रिकोणात तीनांपैकी एक बंध विफल राहतो, हे वाक्य अचूकही आहे आणि मराठीही. म्हणून बंधासाठी ‘विफल’ वापरावा आणि पूर्ण स्फटिकाच्या स्थितीसाठी ‘कोंडी’ म्हणावे, असे मला वाटते. ‘पेच’ हा अर्थाने आणखी जवळचा होता, पण ‘चुंबकीय पेच’ म्हटले की हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू आठवतो. ‘कोंडी’तही एक उणीव आहे आणि ती सांगायला हवी. वाहतूक कोंडीत वाहने जागच्या जागी थांबतात. चुंबकीय कोंडीतल्या सुया पुष्कळदा थांबत नाहीत, एका मांडणीतून तितक्याच चांगल्या दुसऱ्या मांडणीत सरकत राहतात. आपल्याला याहून चांगला शब्द सुचला तर जरूर कळवावा.

प्रश्न (हडपसरहून, विद्युत दुरुस्तीचे काम करणारे वाचक) : आमच्या गल्लीतली डीपी रात्री शांतता झाली की गुणगुणताना ऐकू येते. चुंबकामुळे धातूचा आकार बदलतो म्हणून हा आवाज येतो, असे सांगतात. हे खरे का?

उत्तर : मुख्यतः खरे आहे. ट्रान्सफॉर्मरचा गाभा सिलिकॉन मिसळलेल्या पोलादाच्या पातळ पत्र्यांचा असतो. पोलाद चुंबकित झाले की त्याची लांबी अगदी थोडी, दशलक्षात काही भाग एवढी, बदलते. जेम्स जूल यांनी लोखंडाच्या कांबीत हा परिणाम १८४२ साली ओळखला. चुंबकन एका दिशेला असो वा उलट्या, लांबीतला बदल सारखाच असतो, त्यामुळे वीज सेकंदाला ५० आवर्तने करत असताना गाभा १०० वेळा लांब-आखूड होतो आणि तोच स्वर आपल्या कानावर येतो. वेटोळ्यांवरचे बलही त्यात थोडी भर घालते.

झिंक क्रोमाइटमधल्या घटनेशी याचे नाते आहे, कारण दोन्हीकडे सुया आणि जालक, म्हणजे स्फटिकातली अणूंची चौकट, एकमेकांना ओढतात. फरकही मोठा आहे. डीपीच्या गाभ्यात बदल क्षेत्राबरोबर येतो आणि जातो. प्रावस्था संक्रमणात बाहेरून कोणी क्षेत्र न लावता, एका ठरावीक तापमानाला स्फटिकाची सममितीच बदलते. मँगॅनीज ऑक्साइड हे याचे जुने उदाहरण. खोलीच्या तापमानाला त्याची रचना मिठासारखी घनाकार असते. ११८ केल्व्हिनखाली त्यातल्या सुया प्रतिलोहचुंबकीय शिस्तीत येतात आणि घन एका कर्णाच्या दिशेने दबून त्याचे काटकोन सुमारे अर्ध्या अंशाने बिघडतात. मिठासारख्या या रचनेतही शेजारच्या सुयांचे त्रिकोण असतात, म्हणजे इथेही सौम्य का होईना, कोंडी आहेच.

प्रश्न (औंधहून, अभियंता) : अणूमधली सुई वर पाहते की खाली, हे कोणी पाहिले? क्ष-किरणांनी ते दिसते का?

उत्तर : सर्वसाधारण क्ष-किरणांना अणूंच्या जागा दिसतात, सुयांच्या दिशा जवळजवळ दिसत नाहीत. त्यासाठी न्यूट्रॉन लागतात. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो पण तो स्वतः एक छोटा चुंबक असतो, त्यामुळे स्फटिकातून जाताना तो अणूंच्या सुयांवरूनही विखुरला जातो. वर उल्लेखिलेल्या मँगॅनीज ऑक्साइडवरच क्लिफर्ड शल आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९४९ साली हा प्रयोग केला आणि नील यांची उलटसुलट मांडणी प्रथमच प्रत्यक्ष दिसली. शल यांना त्याबद्दलच्या नोबेलसाठी १९९४ पर्यंत थांबावे लागले. आपल्याकडे हे काम ट्रॉम्बे येथील ध्रुव अणुभट्टीवर होते. ती १९८५ साली सुरू झाली आणि विद्यापीठांतल्या संशोधकांनाही तिथे प्रयोगासाठी वेळ मिळतो. संक्रमणाचा पूर्ण पुरावा हवा असेल तर दोन्ही लागतात : जालक वाकले हे क्ष-किरणांनी दाखवायचे आणि सुया शिस्तीत आल्या हे न्यूट्रॉनांनी.

प्रश्न (एरंडवण्याहून, पालक) : वेताळ टेकडीवर माझ्या मुलाने मातीत लोहचुंबक फिरवला, तर त्याला काळी भुकटी चिकटली. हे काय असते? तुमच्या विषयाशी त्याचा काही संबंध आहे का?

उत्तर : फार जवळचा संबंध आहे, आणि मुलाला जरूर सांगावा. पुण्याच्या टेकड्या दख्खनच्या लाव्हाच्या थरांतून कोरल्या गेल्या आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो लाव्हा थंड होताना त्यात मॅग्नेटाइट गटाच्या खनिजाचे बारीक कण तयार झाले. कातळ झिजला तरी हे जड कण मातीत उरतात आणि पावसाच्या ओघळांत गोळा होतात. लाव्हा थिजताना पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र कोणत्या दिशेला होते, याची नोंदही याच कणांनी जपली आहे.

शुद्ध मॅग्नेटाइट हे लोहाचे ऑक्साइड आहे आणि त्याची रचना पुन्हा स्पिनेलचीच. त्याच्या एका घनाकृती घटकात लोहाचे २४ आयन असतात. त्यांपैकी ८ एका प्रकारच्या जागी बसतात आणि उरलेले १६ कोपऱ्यांनी जोडलेल्या चतुष्फलकांच्या जाळ्यावर. या १६ आयनांतल्या निम्म्यांवर दोनाचा धनभार असतो, निम्म्यांवर तीनाचा. डच शास्त्रज्ञ फेरवे यांना १९३९ साली आढळले की मॅग्नेटाइट सुमारे १२५ केल्व्हिनखाली, म्हणजे उणे १४८ अंशांखाली, नेले की त्याची विद्युतवाहकता एकदम शंभरपटीच्या आसपास घसरते. त्यांनी तर्क मांडला की वरच्या तापमानाला एका आयनावरून दुसऱ्यावर उड्या मारणारे इलेक्ट्रॉन इथे शिस्तीत बसतात आणि हालचाल थांबते. त्याच वेळी घनाकार स्फटिक तिरका होऊन एकनत होतो.

इथे सुयांची कोंडी नाही, विद्युतभारांची आहे. सारख्या भारांना एकमेकांपासून दूर राहायचे असते, त्यामुळे प्रत्येक चतुष्फलकात दोन जादा भाराचे आणि दोन कमी भाराचे आयन असावेत हे उत्तम. ही अट पाळण्याच्या रीती मात्र अगणित आहेत, हे अँडरसन यांनी १९५६ सालच्या ज्या लेखात दाखवले, तोच लेख चुंबकीय कोंडीच्या अभ्यासाचाही एक पाया ठरला. अगदी हीच मोजदाद लायनस पॉलिंग यांनी १९३५ साली साध्या बर्फासाठी केली होती. बर्फातल्या प्रत्येक ऑक्सिजनजवळ दोन हायड्रोजन जवळ आणि दोन दूर असतात, पण कोणते दोन, हे ठरलेले नसते. म्हणून बर्फ कितीही थंड केला तरी त्यात थोडी एंट्रॉपी उरते. पुढे १९९९ साली डिस्प्रोशियम टायटॅनेट या चुंबकात, जिथे चतुष्फलकातल्या दोन सुया आत आणि दोन बाहेर पाहतात, नेमकी पॉलिंग यांच्या हिशेबाइतकी एंट्रॉपी मोजली गेली. फ्रीजमधल्या बर्फाच्या खड्यात आणि एका दुर्मिळ मृदेच्या चुंबकात एकच अंकगणित निघावे, याचे मला आजही अप्रूप वाटते.

मॅग्नेटाइटच्या थंड अवस्थेची नेमकी रचना उलगडायला मात्र सत्तरहून अधिक वर्षे गेली. स्फटिक तिरका होताना त्याचे असंख्य छोटे, वेगवेगळ्या दिशांना कललेले तुकडे पडतात आणि क्ष-किरणांचे चित्र गढूळ होते. अखेर २०१२ साली अत्यंत बारीक कणावर प्रयोग करून असे दिसले की जादा इलेक्ट्रॉन एकाच आयनावर न राहता एका रेषेतल्या तीन लोह-आयनांवर पसरतो. फेरवे यांचा अंदाज दिशेने बरोबर होता. तपशील त्यांच्या कल्पनेहून पुष्कळ गुंतागुंतीचा निघाला. मुलाने जमवलेल्या भुकटीत हे संक्रमण शोधायला जाऊ नये, एवढी सूचना. दख्खनच्या कणांत टायटॅनियम मिसळलेले असते आणि त्याचे थोडेसे प्रमाणही या संक्रमणाला पुसून टाकते.

प्रश्न (बुरूड आळीतून, वाणिज्य शाखेचा विद्यार्थी) : आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या बांबूचे काम होते. चुंबकांच्या अभ्यासात टोपलीच्या विणीचे नाव दिलेली एक रचना आहे असे वाचले. ती कोणती?

उत्तर : तिचे नाव कागोमे. जपानी भाषेत ‘कागो’ म्हणजे टोपली आणि ‘मे’ म्हणजे डोळा, अर्थात विणीतले भोक. तीन दिशांनी येणाऱ्या बांबूच्या कामट्या एकमेकींत अशा गुंफायच्या की मध्ये षट्कोनी भोक राहावे आणि त्याच्या भोवती छोटे त्रिकोण पडावेत. कोंबड्या झाकण्याच्या मोठ्या भोकांच्या डालग्यात अशी वीण पाहायला मिळते, तेव्हा तुमच्या घरच्यांना हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. इचिरो स्योझी यांनी १९५१ साली या जाळ्याचा चुंबकीय अभ्यास प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून हे नाव रुळले.

दोन कामट्या जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे एकेक चुंबकीय आयन बसवला की कागोमे चुंबक तयार होतो. त्यातले त्रिकोण केवळ कोपऱ्यांनी जोडलेले असल्याने कोंडी तीव्र असते. चिलीमध्ये सापडणाऱ्या हर्बर्टस्मिथाइट या हिरव्या खनिजात तांब्याचे आयन अगदी याच विणीत बसतात. प्रयोगशाळेत त्याचे शुद्ध नमुने २००५ साली तयार झाले. त्यातल्या सुया एकमेकींवर २०० केल्व्हिनच्या आसपासचा जोर लावतात, आणि तरीही ०.०५ केल्व्हिनपर्यंत थंड करूनही त्यांत शिस्त आढळलेली नाही.

कोथरूडच्या विद्यार्थिनीचा प्रश्न इथे पुन्हा येतो : मग हा स्फटिक वाकून मोकळा का होत नाही? तांब्याची सुई शक्य तितकी लहान, म्हणजे एकाच इलेक्ट्रॉनची असल्याने तिच्यात क्वांटम हालचाल फार असते. ‘सहांतून एक निवडायची’ ही भाषाच तिथे अपुरी पडते, कारण सुया अनेक मांडण्यांच्या एकत्रित अवस्थेत राहतात आणि सरासरीने पाहिले तर सगळे बंध सारखेच समाधानी असतात. अशा अवस्थेत स्फटिक किंचित वाकला तर काही बंधांवर जेवढा फायदा होतो तेवढाच इतरांवर तोटा होतो. आधी पाहिलेला, थेट ‘क्ष’च्या प्रमाणात मिळणारा लाभ नाहीसा होतो, उरतो तो ‘क्ष’च्या वर्गाइतका लाभ, आणि खर्चही ‘क्ष’च्या वर्गाइतकाच असल्याने वाकणे फायद्याचे होईलच असे राहत नाही. शिवाय तांब्यांमधला जोर मधल्या ऑक्सिजनमार्फत पोहोचतो, त्यामुळे झिंक क्रोमाइटमधल्या थेट जोरासारखा तो अंतराबरोबर तीव्रपणे बदलत नाही. या खनिजात काही जस्ताच्या जागा तांबे बळकावते आणि त्यामुळे मोजमापांचा अर्थ लावताना बराच वाद होतो, हेही खरे.

प्रश्न (पिंपरीहून) : या सगळ्याचा उपयोग काय?

उत्तर : कोंडीतल्या चुंबकात अतिथंड अवस्थेतही एंट्रॉपी शिल्लक असते, म्हणून चुंबकीय क्षेत्र लावून आणि काढून तापमान उतरवण्यासाठी असे पदार्थ चांगले ठरतात, गॅडोलिनियम गॅलियम गार्नेट त्यासाठी वापरले जाते. टर्बियम मँगॅनाइटमध्ये कोंडीमुळे सुया मळसूत्रासारख्या वळतात आणि त्यातून विद्युतध्रुवीकरण, म्हणजे धन आणि ऋण भारांचे किंचित विलग होणे, निर्माण होते, हे २००३ साली दिसले. चुंबकाने विजेला वळवण्याचा मार्ग त्यातून खुला झाला. २००८ साली गाजलेल्या लोहयुक्त अतिसंवाहकांच्या मूळ पदार्थातही रचनेचे संक्रमण सुमारे १५५ केल्व्हिनला आणि चुंबकीय संक्रमण त्याखाली १३७ केल्व्हिनच्या जवळ होते. आधी स्फटिक आणि मग सुया, या क्रमामागे कोंडी आहे असे एक प्रमुख स्पष्टीकरण आहे. घरात वापरायची वस्तू यातून आज मिळत नाही आणि तसे भासवणे योग्य होणार नाही.

प्रश्न (शिवाजीनगरहून, महाविद्यालयीन प्राध्यापिका) : आमच्या प्रयोगशाळेत द्रव नायट्रोजन मिळू शकतो, पण हेलियम नाही. रचनेचे एखादे संक्रमण विद्यार्थ्यांना स्वतः मोजता येईल का?

उत्तर : येईल, आणि मॅग्नेटाइटचेच येईल. द्रव नायट्रोजनचे तापमान ७७ केल्व्हिन असते, म्हणजे फेरवे संक्रमण त्याच्या आवाक्यात आहे. शुद्ध मॅग्नेटाइटची दाबून भाजलेली गोळी घ्यावी. भाजताना ऑक्सिजनचे प्रमाण चुकले तर संक्रमण खाली सरकते आणि बोथट होते, त्यामुळे भट्टीतले वातावरण सांभाळावे लागते. गोळीला चार तारा जोडून रोध मोजावा, कारण दोनच तारांनी जोडांचा रोधही मोजला जातो. तापमानासाठी प्लॅटिनमचा संवेदक गोळीला अगदी चिकटून बसवावा आणि नमुना द्रवात बुडवण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावरून हळूहळू खाली उतरवावा. खोली हवेशीर असू द्यावी, कारण उकळणारा नायट्रोजन बंद खोलीतला ऑक्सिजन हटवतो. थंडीची सोय नसलेल्या दिवशी बेरियम टायटॅनेटच्या शुद्ध गोळीची धारकता तापवत मोजता येते. सुमारे १२० अंश सेल्सियसला चतुष्कोणीय रचना घनाकार होते आणि तिथे धारकतेचे शिखर दिसते.

दोन्ही प्रयोगांत थंड करताना आणि तापवताना अशी वाचने दोनदा घ्यावीत. झटक्याने होणाऱ्या संक्रमणात हे दोन वक्र एकमेकांवर बसत नाहीत, त्यांच्यात फट राहते. मात्र संवेदक नमुन्याच्या मागे पडत असेल तरीही तशीच फट दिसते, आणि इथे विद्यार्थी हमखास फसतात. म्हणून तोच प्रयोग निम्म्या वेगाने पुन्हा करायला सांगावा. फट अरुंद झाली तर दोष मोजणीचा होता. तेवढीच राहिली तर ती स्फटिकाची आहे.